चंद्रपूरचा कोळसा, अंबरनाथचा दिवा



दर फेब्रुवारीत आपल्यापैकी पुष्कळ जण बाळ येशूच्या यात्रेला नाशिक रोडला जातात. कल्याण सोडून गाडी पडघ्याच्या बाजूला लागली की विजेचे उंच मनोरे दिसू लागतात. तिथे एक मोठे वीज उपकेंद्र आहे. १९९९ साली सुरू झालेली ७५२ किलोमीटर लांबीची एक खास वाहिनी तिथे येऊन थांबते. तिचे दुसरे टोक चंद्रपूरला आहे. आपल्या घरात येणारी सगळीच वीज चंद्रपूरची असते असे नाही. विजेच्या जाळ्यात अनेक केंद्रांची वीज मिसळलेली असते. पण मुंबई-ठाण्याच्या विजेत त्या शहराचा वाटा मोठा आहे. म्हणून त्या शहराची थोडी ओळख या अंकात करून घेऊ या.

पूर्वीचा चांदा जिल्हा म्हणजेच आजचा चंद्रपूर. १९६४ मध्ये नाव बदलले. हे गोंड राजांचे शहर असून त्याचा परकोट व दरवाजे अजून उभे आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा दगडी कोळसा आहे. इंग्रज सरकारने १८७० च्या दशकात वरोऱ्याला खाण चालवली आणि कोळसा नेण्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. पुढे याच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. वरोऱ्याचे नाव आज महाराष्ट्राला आनंदवनामुळे ठाऊक आहे. खाणीची आठवण फारशी कुणाला नाही. वरोऱ्याची खाण संपली, पण बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर इथे खाणी वाढत गेल्या. १९७३ मध्ये देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. आता इथल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. तिकडे तिला सगळे ‘वेकोलि’ म्हणतात.

खाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोगदा आणि टोपीवर दिवा लावलेला कामगार येतो. तशा भूमिगत खाणी आहेतच. पण आता बहुतेक कोळसा उघड्या खाणीतून निघतो. आधी झाडे जातात, मग वरची काळी माती, मग सुरुंग लावून खडक फोडतात आणि शेवटी कोळशाचा थर लागतो. उपसलेली माती व दगड बाजूला रचून ठेवतात. त्यांचे डोंगर होतात, इतके मोठे की परक्या माणसाला ते खरेच डोंगर वाटावेत. पावसाळ्यात त्यातली माती ओढ्या-नद्यांत उतरते. ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळतो, नियमात बसत असेल तर घरातल्या एकाला नोकरीही मिळते. पण त्याच शेतात राबणाऱ्या मजुराच्या नावावर सातबारा नसतो. त्याचे कामही जाते आणि नोकरीच्या यादीत त्याचे नावही लागत नाही. आम्हाला वाटते, कोळशाच्या हिशेबातली सर्वांत दुखरी जागा हीच आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

खाणींच्या शेजारीच महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९८०च्या दशकात सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यावरही त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. आपल्याकडच्या कोळशात राख फार, ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून जास्त. ती चंद्रपूरलाच राहते. केंद्राला लागणारे पाणी इरई धरणातून येते. २०१० च्या उन्हाळ्यात ते धरण आटल्यामुळे वीजनिर्मितीचे संच बंद ठेवावे लागले होते. ते भारनियमनाचे दिवस होते. अंबरनाथ-बदलापूरला वीज गेली की आपण वीज मंडळावर चिडत असू; चंद्रपूरच्या धरणात पाणी किती, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल?

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक भागांची पाहणी केली. तीत ८३.८८ गुण मिळवून चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. इथे जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. त्याच यादीत आपले शेजारी डोंबिवलीही ७८.४१ गुणांसह होते, तेव्हा फार दूरची गोष्ट म्हणून ती बाजूला सारता येत नाही. चंद्रपूरला भर उन्हाळ्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो, आणि शेजारी ताडोबाचे जंगल असल्याने वाघ-बिबटे खाणींच्या व वीज केंद्राच्या झुडपांत येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत अशा हल्ल्यांत तिथे माणसांचे जीव गेले.

कोळशाच्या गावात बरीच माणसे बाहेरून आलेली असतात. बल्लारपूरला खाणी आणि कागद कारखान्यामुळे तेलुगू, हिंदी, मल्याळम अशा अनेक भाषा कानांवर पडतात. १९६२ मध्ये रोमने चांद्याचे मिशन सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपवले आणि केरळमधील सीएमआय संघाचे धर्मगुरू तिथे आले. १९७७ मध्ये चांदा हा धर्मप्रांत झाला. बल्लारपूरचे संत थॉमस कॅथेड्रल हे त्याचे मुख्य मंदिर. कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत १९८८ मधला, म्हणजे या बाबतीत चांदा आपल्या भागाचे थोरले भावंड म्हणायला हरकत नाही.

चंद्रपूरला माणसे पोटासाठी आली. मध्य आशियातील गवताळ मैदानावर, आज कझाकस्तानात असलेल्या करागांडा या कोळशाच्या शहरात मात्र पुष्कळांना जबरदस्तीने आणले गेले. सोव्हिएत राजवटीत तिथे कैद्यांच्या मोठ्या छावण्या होत्या, आणि लाखो जर्मन व पोलिश लोकांना घरांतून उठवून कझाकस्तानात पाठवले होते. त्यांत कॅथलिक बरेच होते. फादर व्लादिस्लाव्ह बुकोविन्स्की यांनी अनेक वर्षे तुरुंगवास सोसला. सुटल्यावर मायदेशी परतण्याऐवजी ते तिथेच राहिले. लोकांच्या घरी गुपचूप मिस्सा अर्पण करत १९७४ मध्ये त्यांनी करागांडातच देह ठेवला. २०१६ मध्ये त्याच शहरात त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. छावण्या गेल्या, देश बदलला, पण खाणीतला धोका राहिलाच: ऑक्टोबर २०२३ मध्ये करागांडाच्या कोस्तेन्को खाणीतील स्फोटात ४६ कामगार मरण पावले.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गातील मोठ्या मुलांसाठी एक काम. घरचे महावितरणचे बिल घ्या. त्यावर या महिन्याचे युनिट छापलेले असतात. कोळशापासून एक युनिट वीज करायला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. म्हणजे सगळी वीज कोळशाची धरली तर १२० युनिटच्या घराला महिन्याला ९० किलो कोळसा, आणि मागे राहणारी राख ३० किलोच्या आसपास. आपल्या घराचा आकडा काढा, मग इमारतीतल्या सगळ्या घरांचा मिळून अंदाज करा. येत्या रविवारी मिस्सानंतर ते आकडे वर्गाच्या फळ्यावर मांडून पाहू.