शाळेच्या समारंभाचा पोशाख
आईबाप व वाढत्या वयाचीं मुलें यांजकरितां धडा

वाचावयाचे भाग : 1 तीमथ्य 2:9-10 व 3:2, 1 शमुवेल 2:18-19.

जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस आले कीं नागपुरांतील शाळांमध्यें दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस निरोप देण्याचे समारंभ होतात. एरवीं गणवेशांत येणाऱ्या मुली त्या दिवशीं साडी नेसतात. मुलगे कुडता किंवा कोट घालतात. काटोल, उमरेड, रामटेक या बाजूच्या खेड्यांतून शिक्षणासाठीं शहरांत राहिलेलीं मुलें तेव्हां घरीं कळवितात कीं, सगळ्यांनीं नवें घेतलें, मलाही पाहिजे. घरांत कापसाचे पैसे अजून यावयाचे असतात. आई म्हणते, अंगभर असेल तेंच घे. मुलगी म्हणते, सगळ्या हसतील. अशा वेळीं काय करावें, याचा विचार आज करूं.

1. मर्यादा कशांत आहे? मर्यादेची गोष्ट निघाली कीं आपण मुलीच्या बाहीवर व गळ्यावर येऊन थांबतों. अंग नीट झांकावें हें खरेंच. परंतु पौलानें तीमथ्याला लिहितांना कोणत्या वस्तूंचीं नांवें घेतलीं तीं पाहावीं : केसांचा थाट, सोनें, मोतीं आणि मोलवान वस्त्रें. म्हणजे त्याच्या नजरेपुढें किंमत व दिखावा हीं प्रथम होतीं. ज्या सभेंत धनवान व गरीब एकत्र बसतात, तेथें भारी वस्त्र शेजारणीला खालीं पाहावयास लावतें. तेव्हां गळा बंद आहे, बाही कोपरापर्यंत आहे, पण साडी उसनवारीच्या पैशांनीं आणली आहे, तर तिला मर्यादेचें वस्त्र कसें म्हणावें?

आणखी एक गोष्ट. येथें स्त्रियांच्या वेषासंबंधानें जो ग्रीक शब्द योजिला आहे, तोच शब्द पुढील अध्यायांत मंडळीच्या अध्यक्षाविषयीं आला आहे. त्याचा अर्थ नीटनेटका, सुव्यवस्थित. म्हणून मर्यादा ही केवळ मुलींची बाब नव्हे. जो बाप मुलीला पदर सांवरावयास सांगतो, पण मुलाला नजर सांवरावयास सांगत नाहीं, तो अर्धाच धडा शिकवितो.

2. झांकणें हें लाजेसाठीं नव्हे. आपल्या प्रांतांत पोशाखाचा प्रश्न सन्मानाचाही झालेला आहे. डिसेंबर 1927 मध्यें महाड येथें डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांस सांगितलें कीं, लुगडें नेसण्याची जी तऱ्हा व जे जड दागिने तुमच्यावर हीनपणाची खूण म्हणून बसले आहेत ते टाका, आणि स्वच्छ राहा. पुढें 20 जुलै 1942 रोजीं नागपुरांत दलित वर्गाच्या स्त्रियांची मोठी परिषद भरली, तींतही त्यांनीं स्वच्छता व शिक्षण यांवर भर दिला. त्या स्त्रियांजवळ पैसा नव्हता. तरी वस्त्र बदलल्यानें मान ताठ होते हें त्यांनीं जाणलें. आपणही मुलीला, तुझें शरीर हाच दोष आहे, असें कधीं भासवूं नये. तूं मोलाची आहेस, म्हणून नीट नेस, असें सांगावें. हे दोन बोल ऐकावयास जवळजवळ सारखे वाटतात. पण एकानें मूल वांकतें, दुसऱ्यानें उभें राहतें.

3. निवड कशी करावी? हन्ना दरवर्षीं शमुवेलासाठीं नवा झगा शिवून नेई. मूल किती वाढलें असेल, याचा अंदाज ती घरीं बसून करीत असेल. आपणही खालीं दिल्याप्रमाणें करावें.

दुकानांत जाण्यापूर्वीं रक्कम ठरवावी, आणि घरची स्थिति मुलापासून लपवूं नये. प्रथम घरची पेटी उघडावी. नागपूर-भंडाऱ्याकडे विणलेली एखादी करवतकाठी आईची, मावशीची किंवा आत्याची असेल, तर तिच्या काठावरील करवतीचे दांते इतवारीच्या नव्या मालापुढें फिके पडत नाहींत. नवें पोलकें मात्र मुलीच्या मापाचें शिवावें. शिंप्याकडे दोन-तीन आठवडे आधीं द्यावें, आंत माया सोडावयास सांगावें, म्हणजे पुढें तेंच उसवून सैल करितां येतें. कापड विरळ असल्यास अस्तर लावावें. मग एका सायंकाळीं सर्व पोशाख घालून पाहावा : दोन्ही हात वर करावे, खालीं वांकावें, जमिनीवर बसावें, पायऱ्या चढाव्या. जें वस्त्र सारखें ओढावें लागतें तें कितीही लांब असलें तरी सोयीचें नाहीं. साडी सांवरत नसेल तर सलवार-कमीज पुरे. मुलग्याला बापाचा कोट आंखूड करून चालतो.

4. जिच्याजवळ कांहींच नाहीं ती. प्रत्येक वर्गांत एखादी मुलगी असते, जी त्या दिवशीं ताप आला म्हणून घरीं राहते. तिचा ताप कोणता, तें तिच्या मैत्रिणींनीं ओळखावें. दोन साड्या असणारीनें एक द्यावी, आणि दिल्याचें कोठें बोलूं नये. शिक्षकांनींही साध्या पोशाखाचा नियम आधींच सांगितला तर पुष्कळ घरांचें ओझें उतरेल. ती मुलगी समारंभास आली, तर बाकीच्या सर्वांचा पोशाख शोभला असें आम्ही समजूं.

विचार करण्याचे प्रश्न
1. आमच्या घरीं मर्यादेचे नियम मुलग्यांस व मुलींस सारखे आहेत काय?
2. गेल्या समारंभासाठीं आम्हीं कर्ज काढलें काय, व तें कोणाच्या नजरेसाठीं?
3. आमच्या गांवांतून यंदा कोणती मुलगी परीक्षेस बसत आहे, आणि तिला कशाची गरज आहे?