तिशीनंतर नर्सिंग: कॉलेज पारखताना

बारावीनंतर नर्सिंगमध्ये शिरण्याचे मान्य मार्ग महाराष्ट्रात तीन आहेत: दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग. एएनएम आणि जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय मात्र हवा, आणि जीएनएमला ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी.साठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी घेऊन किमान ४५ टक्के लागतात (राखीव वर्गाला सवलत आहे) आणि राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. दहा-बारा वर्षे शाळेत, पतसंस्थेत किंवा एखाद्या ऑफिसात काढून इकडे वळणाऱ्याची निवड पुष्कळदा इथेच ठरून जाते. बारावी कला शाखेतून झाली असेल तर बी.एस्सी.चा विचार सोडून जीएनएम धरावा. त्यात कमीपणा काही नाही. जीएनएम झालेल्यांची नोंदणीही परिचारिका आणि सुईण म्हणूनच होते, आणि पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी पदरात पाडून घेता येते. एएनएमचे क्षेत्र निराळे आहे. उपकेंद्र, लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या हे तिचे मुख्य काम. मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स व्हायचे असेल त्याने केवळ वर्ष वाचते म्हणून एएनएम निवडू नये.

या तिन्हींच्या बाहेर एक चौथा बाजार भरतो, आणि त्याचे हक्काचे गिऱ्हाईक म्हणजे वय वाढलेला विद्यार्थी. एसटी स्टँडसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खाली पाटी: ‘सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी’. रविवारचे वर्ग, हप्त्याने फी, वयाची अट नाही. ज्याला घर, मुले आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी ओढायचा आहे त्याला हे सगळे सोयीचेच वाटते. तिथे पांढरा गणवेश मिळतो, परीक्षा होते, सोनेरी कडांचे प्रमाणपत्रही हातात पडते. मग एखाद्या खाजगी दवाखान्यात काम मिळते, पण पगार आयाबाईंचा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीला गेल्यावर कळते की या कागदावर नोंदणी होतच नाही. रुग्ण सहायक, नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर असे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आपापल्या जागी ठीक आहेत. घरी जाऊन आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला त्यांचा उपयोगच होतो. फसवणूक होते ती त्यांना ‘नर्सिंग’ म्हणून विकण्यात. पहिल्यापासूनचे नर्सिंग घरबसल्या, पत्राने किंवा फक्त रविवारी शिकता येत नाही, कारण त्याचा मोठा भाग वॉर्डातच शिकायचा असतो.

वयाचा हिशेब प्रवेशापुरता करून भागत नाही. जीएनएमच्या प्रवेशाला ३५ वर्षांची कमाल मर्यादा आहे, हे बहुतेकांना माहीत असते. पुढच्या नोकरीची मर्यादा मात्र फारसे कोणी बघत नाही. दिल्ली, नागपूर आदी ठिकाणच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीला सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षांची असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत ती खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तेहतिसाव्या वर्षी बी.एस्सी.ला बसलेली खुल्या वर्गातली उमेदवार सदतिसाव्या वर्षी बाहेर पडेल, नोंदणीत काही महिने जातील आणि सरकारी भरतीची एखादीच संधी तिच्या वाट्याला येईल. तीन वर्षांचा जीएनएम तिला एक वर्ष परत देतो. सरकारी नोकरी हेच ध्येय असेल तर हे एक वर्ष पदवीपेक्षा मोलाचे ठरू शकते. खाजगी रुग्णालयात जायचे असेल तर ही घाई नाही.

मान्यता हा शब्द प्रत्येक माहितीपत्रकावर ठळक छापलेला असतो. कोणाची, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या वर्षासाठी, हे बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. बी.एस्सी.ची संलग्नता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची लागते. एएनएम व जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे असतात. शिवाय शासनाची परवानगी आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतले नाव हवे. एकाच संस्थेच्या एएनएमला मान्यता असते आणि शेजारच्या वर्गात भरणाऱ्या बी.एस्सी.ला ती ‘येणारच आहे’ असे सांगितले जाते. येणारी मान्यता आली नाही तर वर्षे विद्यार्थ्याची जातात, संस्थाचालकाची नाही. म्हणून चालू वर्षाची यादी मूळ ठिकाणी जाऊन स्वतः पाहावी. त्यात अभ्यासक्रमाचे नाव आणि प्रवेशक्षमता दोन्ही जुळवावीत. कॉलेजच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले पत्र बहुधा स्थापनेच्या वर्षाचे असते.

मान्यता असली म्हणजे शिकवतात असेही नाही. नर्सिंगचे कॉलेज ओळखायचे ते त्याच्या रुग्णालयावरून. परिचर्या परिषदेच्या निकषांत संस्थेचे स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण अशी अपेक्षा आहे. कागदावर हे जुळवणे अवघड नसते. तपासणीच्या दिवशी खाटा भरलेल्या दिसतात आणि एरवी गाद्या गुंडाळून ठेवलेल्या असतात, अशी रुग्णालयेही आहेत. म्हणून ऑफिसात चहा घेऊन परतण्याऐवजी सकाळी नवाच्या सुमारास वॉर्डात एक फेरी मारावी, तीही आधी न कळवता. खाटा किती हे मोजण्यापेक्षा त्यांवर माणसे किती आहेत ते पाहावे. बाळंतपणे महिन्याला किती होतात हे प्रसूती विभागातल्या सिस्टरांना विचारावे. सुईण म्हणून नोंदणी हवी तर ठरलेल्या संख्येने बाळंतपणे स्वतः करावी लागतात, आणि महिन्याला चार बाळंतपणे होणाऱ्या ठिकाणी पन्नास मुलींच्या केसबुका प्रामाणिकपणे भरणे शक्यच नाही.

स्वतःचे रुग्णालय अपुरे पडले की विद्यार्थी जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तिथे आणखी दोन-तीन कॉलेजांच्या मुली आलेल्या असतात. मग एका खाटेभोवती तीन रंगांचे गणवेश दिसतात. एकजण रक्तदाबाची पट्टी बांधते, बाकीच्या आठजणी तिने सांगितलेला आकडा वहीत उतरवतात, आणि ट्यूटरबाई खाली बसमध्ये हजेरी पूर्ण करीत असतात. अशा वेळी तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारावेत. सलाईन स्वतःच्या हाताने किती रुग्णांना लावली? रात्रपाळीला बरोबर ट्यूटर असते का? प्राचार्यांच्या अर्ध्या तासाच्या माहितीपेक्षा ही दोन उत्तरे जास्त सांगून जातात. प्रयोगशाळेतल्या डमीवरचे प्लॅस्टिकचे आवरण अजून निघाले नसेल तर तेही पुरेसे बोलके आहे.

प्रात्यक्षिकाची शंभर टक्के हजेरी पूर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. परीक्षेला बसायलाही ८० टक्के लागते. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या फिरत असतात. त्यामुळे नोकरी सांभाळून नर्सिंग करू असा बेत करू नये, आणि ‘तुमचे बघून घेऊ, मॅडम’ असे म्हणणाऱ्या कॉलेजपासून चार हात दूर राहावे. मूल आजारी पडल्याने बुडलेली पाळी नंतर भरून काढता येते का, वसतिगृहात राहण्याची सक्ती आहे का, घरून ये-जा चालते का, हे लेखी घ्यावे. वर्गातल्या मुली ‘ताई’ म्हणू लागतात, ट्यूटर वयाने लहान असते. याची सवय लवकर होते.

पैशाच्या बाबतीत शिक्षण शुल्काचा आकडा फसवा असतो. बी.एस्सी.ची खाजगी कॉलेजांतली फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि डोनेशन घेणे १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी गणवेश, मेस, रुग्णालयाची बस, परीक्षा शुल्क यांची बेरीज वेगळी करावी. शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारच ठिकाणी आहेत. मानसोपचाराच्या पोस्टिंगसाठी तिथे जाऊन राहावे लागले तर तो खर्च कोणाचा, हेही विचारावे. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो. नोकरी सोडून आलेल्याच्या दाखल्यावर मागच्या वर्षीचा पगार धरला जातो आणि ज्या वर्षी हातात काहीच येत नाही त्याच वर्षी तो मर्यादेबाहेर पडतो. पहिल्या वर्षाची तरतूद शिष्यवृत्ती मिळणार नाही असे गृहीत धरून करावी. शिक्षणात खंड पडलेल्यांना गॅपचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते.

प्रवेशावेळी मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज ठेवून घेते. मध्येच सोडायची वेळ आली तर काही संस्था उरलेल्या सर्व वर्षांची फी भरल्याशिवाय ती कागदपत्रे परत करीत नाहीत. प्रवेश रद्द करण्याचे नियम आधी लेखी मागावेत, कागदपत्रांची शिक्क्यानिशी पोच घ्यावी आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती कॉलेजच्या नावाची आहे की ट्रस्टच्या, हे काउंटरवरून हलण्याआधी पाहावे.