आलेख दिसतो, पण वाचता येतो का?

सूत घ्यायला गेले की हल्ली दलाल मोबाईलवर भावाचा आलेख पुढे करतो. रेषा वर चढलेली असते. "भाव पेटलाय, आजच माल उचला," असे तो म्हणतो. धुळ्याचा यंत्रमागवाला असो की जळगावच्या फुले मार्केटमधला कापडवाला, भांडवल त्या रेषेच्या भरवशावर लागते. तेव्हा आलेख आपल्याला कितपत समजतो हे एकदा मोजून पाहावे.

अमेरिकेतील फ्रान्सिस कर्सिओ या विदुषींनी १९८७ मध्ये आलेख समजण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: आकडा वाचणे, आकड्यांची आपसांत तुलना करणे आणि त्यापुढचा अंदाज बांधणे. २०१७ मध्ये तर रेषा, स्तंभ, वर्तुळ, नकाशा अशा १२ प्रकारच्या चित्रांवर ५३ प्रश्नांची चाचणीच तयार झाली.

आपल्या दुकानात दोन कागद पुरतात. समजा, सुताचा भाव सहा महिन्यांत किलोला २६२ वरून २७५ रुपये झाला. एका कागदावर उभ्या पट्टीचे आकडे २६० पासून सुरू करा, दुसऱ्यावर शून्यापासून. पहिल्यावर रेषा तळातून थेट छताला भिडते, दुसऱ्यावर जेमतेम हलते. आता कामावरच्या मुलाला विचारा, भाव कुठे जास्त वाढला? "पहिल्यावर" म्हणाला तर त्याने आकडे वाचलेच नाहीत. वाढ दोन्हीकडे १३ रुपये, म्हणजे साधारण ५ टक्के. मग विचारा, २००० किलोला किती जादा पडतील? २६,००० रुपये हे उत्तर आले तर समजले म्हणायचे. (शून्यापासून न काढलेला प्रत्येक आलेख लबाडीचा नसतो. बारीक चढउतार पाहायला तसा काढावाच लागतो.)

उर्दू माध्यमात शिकलेल्या आपल्यासारख्यांसाठी आणखी एक प्रश्न हवा. बार्बरा ट्वर्स्की व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की, इंग्रजी बोलणारी मुले काळ डावीकडून उजवीकडे मांडतात, तर अरबी बोलणाऱ्या मुलांचा कल उजवीकडून मांडण्याकडे असतो. आपली लिपीही उजवीकडून चालते. आकडे मात्र आपण उर्दूतही डावीकडूनच लिहितो. आलेख उजवीकडून वाचला तर चढती रेषा उतरती होते! म्हणून आधी विचारावे, "पहिला महिना कुठला? बोट ठेव."

काही आलेखांत उभ्या पट्टीवर आकडेच नसतात. असा आलेख दाखवणाऱ्याकडून सहा महिन्यांचे भाव कागदावर लिहून घ्यावेत आणि आपल्या खरेदीच्या पावत्यांशी ताडून पाहावेत.