कोंबड्यांचें दान आणि रोगनिवारणाच्या नित्य सवयी

दुष्काळनिवारणाच्या कार्यास ज्या उदार व्यापारी, जमीनदार व इतर दात्यांचा आश्रय लाभतो, त्यांच्यापुढें धान्य, चारा व पाणी या तीन मोठ्या गरजा नेहमींच मांडल्या जातात. प्रस्तुत लेखांत आम्ही त्यांचें लक्ष एका लहान विषयाकडे वेधूं इच्छितों. तो विषय म्हणजे गरीब कुटुंबाच्या अंगणांतील पांच-दहा कोंबड्या, व त्यांस रोगापासून वांचविणाऱ्या रोजच्या सवयी.

विषय लहान दिसतो, परंतु दुष्काळी वर्षांत त्याचें मोल वाढतें. बैल विकला तर पुढल्या वर्षाची शेती बुडते. कोंबडी विकली तर आठवड्याचें तेल-मीठ किंवा मुलाचें औषध येतें, आणि शेती शाबूत राहते. हा पैसा बहुधा घरांतील स्त्रीच्या हातीं असतो व घरासाठींच खर्चला जातो. गांवठी कोंबडी वर्षाकांठीं साधारण ५०-६० अंडींच घालते, हें खरें; पण ती उकिरड्यावर व शेताच्या बांधावर स्वतःचें पोट भरते, आणि खुडुक बसली कीं २१ दिवसांत पिलें काढून आपला वंश आपणच वाढविते. म्हणून मदतीदाखल कोंबड्या वांटण्याची कल्पना अनेकांस सुचते, व ती चांगलीही आहे.

तथापि या दानांत एक धोका आहे. नवी कोंबडी ज्या घरीं जाते तेथें तिच्यासवें रोगही जाऊं शकतो; आणि तसें झाल्यास दान दिलेल्या दोन कोंबड्यांबरोबर घरच्या जुन्या दहाही मरतात. दात्याच्या हातून गरिबाचें नुकसान होतें. सबब कोंबडीचें दान सवयीच्या दानावांचून पुरें होत नाहीं, हेंच या लेखाचें सांगणें आहे.

रोग कोणत्या वाटेनें येतो

अंगणांतील कोंबड्यांचा मुख्य शत्रु राणीखेत हा रोग होय. १९२६ च्या सुमारास तो जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल शहराजवळ ओळखला गेला. त्यानंतर लवकरच कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत या गांवावरून आपल्या देशांत त्यास हें नांव पडलें. आपल्याकडे त्यास मानमोडी असेंही म्हणतात, कारण रोगी पक्ष्याची मान मुरडते. पक्षी चोंच उघडून धापा टाकतो, हिरवट हगवण होते, पंख लोंबतात. आणि लस न टोंचलेल्या गांवांत कधीं कधीं सबंध थवा आठवड्याभरांत नाहींसा होतो. शेतकरी याला ‘वारें लागलें’ असें समजतो. वस्तुतः रोग वाऱ्यापेक्षां माणसाच्या हातापायांनींच अधिक प्रवास करितो.

रोगी पक्ष्याच्या विष्ठेंत व नाकातोंडाच्या स्रावांत रोगाचे विषाणु असतात. ती विष्ठा चपलेच्या तळास, सायकलच्या चाकास, डालग्याच्या काड्यांस व अंडीं ठेवण्याच्या पुठ्ठ्यास चिकटते आणि दुसऱ्या घरीं पोहोंचते. आठवडी बाजारांत न विकली गेलेली कोंबडी संध्याकाळीं घरीं परत येते, ती दिवसभर पन्नास घरच्या पक्ष्यांशेजारीं बसून आलेली असते. जत्रेच्या दिवसांत पाहुण्यांसाठीं कोंबडें विकत आणून अंगणांतच कापतात व पिसें-आंतडीं उकिरड्यावर टाकतात; घरच्या कोंबड्या तींच उकरतात. दुष्काळांत या वाटा अधिक रुंद होतात. पाणी कमी म्हणून धुणें कमी होतें. एकाच डबक्यावर सर्व गांवचीं कोंबडीं, बदकें व रानपक्षी जमतात. आणि गरजेपोटीं पक्ष्यांची विक्री व ने-आण वाढते.

नित्याच्या सवयी

ज्यास हल्लीं जैवसुरक्षा असें नांव आहे, ती म्हणजे या वाटा बंद करण्याची रीत. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवणें गरिबास शक्य नाहीं, हें जाणूनच पुढील नियम सांगितले आहेत.

१. नव्या पक्ष्यास वेगळें ठेवावें. विकत आणलेली, दान मिळालेली किंवा बाजारांतून परत आलेली प्रत्येक कोंबडी नवीच समजावी. तिला निदान तीन आठवडे, साधल्यास तीस दिवस, घराच्या दुसऱ्या बाजूस निराळ्या डालग्याखालीं ठेवावें. तिचें दाण्याचें व पाण्याचें भांडेंही निराळें असावें. रोग अंगांत असूनही पक्षी आरंभीं निरोगी दिसूं शकतो. सर्व नियमांत हा एक नियम अधिक मोलाचा आहे.

२. कामाचा क्रम पाळावा. सकाळीं प्रथम पिलांचें, मग मोठ्या निरोगी कोंबड्यांचें, नंतर नव्या पक्ष्यांचें, आणि सर्वांत शेवटीं आजारी पक्ष्याचें पाहावें. क्रम उलटला तर मालकच रोग वाहून नेतो. यास एक पैसाही लागत नाहीं.

३. हात व पाय. खुराड्यापाशीं एक जुनी चपलेची जोडी ठेवावी. ती अंगणाबाहेर नेऊं नये व बाहेरची आंत आणूं नये. पक्ष्यांस हात लावण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात धुवावे. साबण नसल्यास राख चालेल. एक तांब्या पाणी यास पुरतें.

४. आधीं झाडावें, मग चुना टाकावा. पुष्कळ लोक शेणमातीवरच चुना भुरभुरवितात व शुद्धि झाली असें मानतात. घाणीखालीं दडलेल्या विषाणूस चुना किंवा फिनेल पोहोंचत नाहीं. प्रथम खरवडून विष्ठा काढावी, खुराडें उन्हांत तापूं द्यावें, मग चुन्याचा हात द्यावा. खुराडें जमिनीपासून हातभर उंच असल्यास हें काम सोपें होतें.

५. पाणी झांकलेलें असावें. उथळ परळांत थोडें थोडें स्वच्छ पाणी दिवसांतून दोनदां द्यावें व संध्याकाळीं उरलेलें ओतून परळ घांसून पालथा ठेवावा. दाणा सांडूं देऊं नये. सांडलेला दाणा चिमण्या-कावळ्यांस बोलावितो.

६. व्यवहार वेशीवर करावा. घरोघर फिरून कोंबड्या घेणारा व्यापारी अनेक गांवांचें डालगें घेऊन येतो. त्याचा धंदा प्रामाणिक असला तरी त्यास खुराड्यापाशीं येऊं देऊं नये. पक्षी अंगणाबाहेर नेऊन द्यावा. बाहेरून आणलेल्या कोंबडीचीं पिसें, आंतडीं व धुण्याचें पाणी खड्ड्यांत पुरावें.

लसीविषयीं

वरील सवयींस लसीची जोड हवी. राणीखेतीची पहिली लस पिलाच्या पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत थेंब घालून देतात. दुसरी सहा ते आठ आठवड्यांनीं पंखाखालीं टोंचतात. लस निरोगी पक्ष्यासच द्यावयाची. ती औषध नव्हे. अडचण निराळीच आहे. एका कुपींत शंभर किंवा अधिक पक्ष्यांची लस असते, आणि घरीं तर दहाच कोंबड्या. कुपी बर्फांत ठेवावी लागते, व एकदां कालविली कीं थोड्या तासांतच संपवावी लागते. एकट्या कुटुंबास तें परवडत नाहीं. दहा-वीस घरांनीं एक दिवस ठरवून, कोंबड्या खुराड्यांत असतां पहांटेस एकत्र काम उरकलें तर तीच कुपी सर्वांस पुरते. संघटनेचें हें काम दाते व गांवचे प्रतिष्ठित गृहस्थच करवूं शकतात.

मरतूक झाल्यास

दोन-तीन पक्षी एकदम मेले, किंवा तुरा व गळ्याखालील लोळ्या निळ्या पडून डोकें सुजलें, तर त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास व ग्रामपंचायतीस कळवावें. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ च्या कायद्यानेंही मालकावर तें कर्तव्य ठेविलें आहे. मेलेला पक्षी मुलांच्या व कुत्र्यांच्या हातीं लागूं देऊं नये, कापूं नये, नाल्यांत टाकूं नये. दवाखान्याच्या सूचनेप्रमाणें विहिरीपासून दूर खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावा. उरलेले पक्षी मात्र बाजारांत नेऊं नयेत.

हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे. ज्याच्या घरीं पीठ नाहीं, त्याला आजारी थवा मरण्यापूर्वीं विकून चार पैसे करण्याचा मोह होणारच. त्यास दोष देण्यापेक्षां त्याची अडचण ओळखावी. बर्ड फ्लूच्या प्रसंगीं सरकारी आज्ञेनें मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. राणीखेतीनें मेलेल्या कोंबडीची भरपाई बहुधा कोणीच देत नाहीं. रोग लपविणाऱ्यास बाजारांत पैसा व कळविणाऱ्यास पदरीं तोटा, अशी स्थिति असतां खरें कोण सांगेल?

नवापूरचा धडा

व्यापारी वर्गास हा विषय परका वाटूं नये. फेब्रुवारी १९०६ मध्यें नव्हे, आपल्याच काळांत, फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. भारतांतील ती पहिलीच नोंद. तेथील मोठ्या कुक्कुटशाळांतील लाखो पक्षी मारावे लागले, आणि आसपासच्या गांवांतील घरोघरच्या कोंबड्याही त्यांतून सुटल्या नाहींत. देशभर कोंबडीचा व अंड्यांचा भाव कोसळला. व्यवस्थित शिजविलेल्या मांसांत वा अंड्यांत हा विषाणु जगत नाहीं, हें लोकांस पटेपर्यंत वेळ गेला. २०२१ च्या आरंभीं परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें, व मग पुन्हां नवापुरास, तोच रोग आला. श्रीमंताची कुक्कुटशाळा व गरिबाचें खुराडें यांमध्यें रोग भेद करीत नाहीं. एकाची सुरक्षितता दुसऱ्याच्या सवयींवर अवलंबून असते.

दात्यांस विनंती

यास्तव आमचें मागणें असें. जे दाते कोंबड्या देऊं इच्छितात, त्यांनीं पक्ष्यांची संख्या थोडी कमी करावी व वांचलेल्या रकमेंतून प्रत्येक घरीं एक निराळें डालगें, दोन परळ, चुन्याची पिशवी व चपलेची एक जोडी द्यावी. दर गांवास लसीसाठीं बर्फाची एक पेटी असावी. दिलेले पक्षी लस टोंचलेले व तीन आठवडे एका जागीं पारखलेले असावेत. ते बाजारांतून उचलून त्याच दिवशीं वांटूं नयेत. वांटणाऱ्या स्वयंसेवकांनीं खुराड्यापर्यंत न जातां अंगणाच्या बाहेर पक्षी द्यावे, आणि एका गांवचीं डालगीं धुतल्यावांचून दुसऱ्या गांवीं नेऊं नयेत. अन्यथा मदतीची गाडीच सांथीची गाडी होईल.

आणि एक निधि असा असावा कीं, ज्या घरानें रोग वेळेवर कळविला व पक्षी बाजारांत नेले नाहींत, त्या घरास सांथ ओसरल्यावर नव्या कोंबड्या मिळाव्या. हा खर्च फार नाहीं. त्यानें एका कुटुंबाचें नुकसान भरून निघेल आणि शेजारच्या शंभर घरांचें टळेल. ज्या दात्यांनीं धान्याच्या वेळीं हात आंखडला नाहीं, ते या लहान पण टिकाऊ कार्यासही आपलें साह्य देतील, अशी आम्हांस उमेद आहे, व तशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.