दऱ्या आणि दर्या : पायथनच्या स्ट्रिंगमधील मराठी

मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी आता शब्दसूची, शब्दांची वारंवारता, छंदांची मोजणी अशी कामे संगणकाकडून करून घेऊ लागले आहेत. त्यासाठी बरेच जण पायथन ही भाषा निवडतात आणि ते योग्यच आहे. मजकूर तोडण्या-जोडण्याच्या तयार पद्धती तिच्यात मुबलक आहेत. मात्र पायथन ज्याला एक वर्ण समजते ते आपले अक्षर नव्हे. हा भेद लक्षात न घेता केलेल्या चुका पडद्यावर दिसत नाहीत, प्रबंधातल्या आकड्यांत मात्र शिरतात.

पायथनमध्ये मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे युनिकोडच्या संकेतांची माळ. व्यंजन हा एक मणी, मात्रा दुसरा, हलन्ताचे चिन्ह तिसरा. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दाची लांबी ‘लेन’ला विचारली तर उत्तर १० येते : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. छंदासाठी आपण मोजतो ती अक्षरे ४. मोठ्या अभंगाची ६-६-६-४ ही रचना ‘लेन’ने तपासू गेल्यास एकही अभंग शुद्ध ठरणार नाही.

‘इझअल्फा’ ही पद्धत स्ट्रिंगमध्ये केवळ अक्षरे आहेत का, ते सांगते. ‘घर’बद्दल ती हो म्हणते, ‘शाळा’बद्दल नाही, कारण काना तिच्या लेखी अक्षर नाही, चिन्ह आहे. पायथनसोबत येणाऱ्या ‘रे’ या मॉड्यूलमधील शब्द ओळखण्याचा नेहमीचा संकेतही याच समजुतीवर चालतो आणि ‘मराठी’चे ‘मर’ व ‘ठ’ असे दोन तुकडे करतो. म्हणून शब्द वेगळे करताना त्याच्या वाटेला जाऊ नये. ‘स्प्लिट’ने मोकळ्या जागांवर मजकूर तोडावा आणि मग ‘स्ट्रिप’ला विरामचिन्हांची यादी देऊन शब्दांच्या कडा साफ कराव्यात. एवढे बहुतेक कामांना पुरते.

गंमत अशी, की ‘इझअल्फा’चा हाच दोष छंदशास्त्राला उपयोगी पडतो. शब्दातला एकेक वर्ण तिच्यापुढे ठेवून होकार मोजले, तर व्यंजने आणि स्वतंत्र स्वर तेवढे मोजले जातात. त्यातून ‘काउंट’ने काढलेली हलन्तांची संख्या वजा करावी. ‘ज्ञानेश्वर’मध्ये होकार ६, हलन्त २, उत्तर ४. ‘क्षत्रिय’मध्ये ५ वजा २, म्हणजे ३. ‘अर्थात्’मध्ये ४ वजा २, म्हणजे २, शेवटचा पाय मोडलेला त आपणही वेगळा मोजत नाही. अवग्रहाला मात्र ती अक्षर मानते, तो आधी काढावा लागतो. दोन ओळींच्या या कोडने ओवी-अभंगांची अक्षरसंख्या नीट मोजता येते. लघुगुरूंचा हिशेब हवा असेल तर काम बरेच वाढते.

आता ‘रिप्लेस’. ती मूळ स्ट्रिंगला हात लावत नाही, नवी स्ट्रिंग देते. संहितेच्या अभ्यासकाला ही सोय मोलाची आहे. पण तिला शब्दाची सीमा कळत नाही. ‘मन’च्या जागी ‘चित्त’ घाला म्हटले, की ‘सुमन’चे ‘सुचित्त’ आणि मनमाडचे ‘चित्तमाड’ होते. असे विनोद निदान नजरेस पडतात. खरी हानी अर्ध्या र पाशी होते. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकित होते : एकीत ‘ऱ’ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. वाचकाला दोन्ही सारख्याच दिसतात. ‘फाइंड’ला मात्र एकीत दुसरी सापडत नाही. त्यात मजकूर स्वच्छ करण्याच्या नादात कोणी सगळी अदृश्य चिन्हे पुसली, तर दुसऱ्या प्रकारातल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना विनासायास आचार्यपद मिळते. चूक शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही, कारण नवा शब्दही मराठीच असतो. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी मजकुरासाठी लिहिलेली सफाईची कोड इंदूर-ग्वाल्हेरकडे हाताशी असली, तरी ती मराठी संहितेवर जशीच्या तशी चालवू नये, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

युनिकोडची ‘नॉर्मलाइझ’ ही सोय इथे अर्धीच मदत करते. र आणि खाली नुक्ता असे लिहिलेले असेल तर ती त्याचा ‘ऱ’ करते. अदृश्य जोडचिन्हाला ती हात लावत नाही. म्हणून पहिली पायरी अशी असावी : र, हलन्त, जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी ‘रिप्लेस’ने ऱ आणि हलन्त घालावे. उरलेली अदृश्य चिन्हे त्यानंतरच काढावीत. कोडमध्ये जोडचिन्ह थेट टंकित न करता त्याचा युनिकोड क्रमांक लिहावा, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला ते दिसेल.

अकारविल्हे लावण्याचे काम ‘सॉर्टेड’ करते, तेही संकेतांच्या क्रमानेच. देवनागरीचा संच हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी अशा अनेक भाषांना सामायिक आहे. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, म्हणून ‘बाळ’ हा शब्द ‘बास’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत ळ तर ह नंतर आहे. ‘ॲ’चा संकेत अंकांच्याही पुढे असल्याने ‘ॲरिस्टॉटल’ सूचीच्या तळाशी, ‘हेमाद्री’च्याही खाली जातो. यावर उपाय म्हणजे आपला वर्णक्रम एका स्ट्रिंगमध्ये लिहून ठेवायचा, प्रत्येक वर्णाचे त्यातले स्थान ‘फाइंड’ने काढायचे आणि ती स्थाने ‘सॉर्टेड’ला क्रमाची किल्ली म्हणून द्यायची. ‘ॲ’ला अ जवळ बसवायचे की ए जवळ, हे मात्र ती स्ट्रिंग लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.