डिझेलमधील गंधक व इंजिनच्या तेलाची निवड

पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणात आता ट्रॅक्टर, जुनी जीप व नवी मोटारगाडी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दिसतात. तिन्हींना एकाच पंपावरील डिझेल लागते; तेव्हा तिन्हींच्या इंजिनांत एकाच डब्यातील तेल घालावयास हरकत नसावी, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज पूर्वी फारसा बाधत नसे. आज मात्र तो महागात पडतो. इंधन शुद्ध झाले, त्यामुळे इंजिने बदलली आणि इंजिनांना लागणारे तेलही बदलले. या तिहींचा संबंध ध्यानात घेतल्यास तेलाची निवड अवघड नाही.

गंधक व आम्ल

खनिज तेलात निसर्गतःच गंधक असते व त्याचा काही अंश डिझेलमध्ये उतरतो. डिझेल जळताना या गंधकाचे वायू बनतात व त्यांचा काही भाग वाफेशी संयोग पावून गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा व बेअरिंगे यांस झिजविते. त्याचा परिणाम नाहीसा करण्यासाठी इंजिनच्या तेलात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची अल्कधर्मी संयुगे मिसळलेली असतात. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकून तिचा आंबटपणा कमी करतात, तसाच हा प्रकार होय. चुन्याप्रमाणेच तेलातील अल्कही वापराबरोबर खर्ची पडते. ते संपत आले की तेल दिसावयास कसेही असो, ते इंजिनचे रक्षण करू शकत नाही.

डिझेल कसे बदलले

१९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या देशातील डिझेलमध्ये वजनाने १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे १०० किलो डिझेलमागे १ किलो. पुढे भारत स्टेज ३ मानकाने ही मर्यादा ३५ ग्रॅमवर आणली. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ मानकाने ती ५ ग्रॅम केली आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ मानकाने केवळ १ ग्रॅमवर आणली. आम्ल निर्माण करणारा मूळ पदार्थच अशा रीतीने जवळजवळ नाहीसा झाला.

राखेचा नवा प्रश्न

इंधन स्वच्छ झाल्यामुळे धूर बाहेर पडण्याच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी बसविणे शक्य झाले. भारत स्टेज ६ च्या डिझेल मोटारींत अशी गाळणी असते. तीत साठलेली काजळी इंजिन वेळोवेळी आपोआप जाळून टाकते. परंतु इंजिनमध्ये थोडे तेलही सतत जळत असते, आणि त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची राख मागे उरते. ही राख जळत नाही. ती गाळणीची छिद्रे भरून टाकते. इंजिनची ओढ कमी होते, डिझेल अधिक लागते व शेवटी गाळणी बदलावी लागते. हा खर्च तेलाच्या अनेक डब्यांच्या किमतीहून मोठा असतो.

म्हणजेच जुन्या इंजिनला उपकारक असलेले भरपूर अल्काचे तेल नव्या गाडीला अपायकारक ठरते. डब्यावर एपीआय या अक्षरांपुढे ‘सीआय-४’ असे असल्यास ते तेल ०.५ टक्क्यापर्यंत गंधक असलेल्या डिझेलसाठी योजलेले आहे, असे समजावे. २०१६ साली आलेल्या ‘सीके-४’ या प्रकारात राखेचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवले असून तो ०.०५ टक्क्यापर्यंत गंधकाच्या डिझेलसाठी आहे. गाळणी असलेल्या मोटारींसाठी ‘एसीईए सी३’ यांसारखी तेले असतात; त्यांत राख ०.८ टक्क्याहून अधिक नसते. ‘१५डब्ल्यू-४०’ यांसारखे आकडे तेलाचा केवळ दाटपणा दर्शवितात. ते जुळले म्हणजे तेल जुळले, असे होत नाही.

भेसळीचा धोका

कमी राखेच्या तेलात सामान्यतः अल्काचा साठाही कमी असतो. पंपाबाहेर स्वस्तात मिळणारे अथवा रॉकेल मिसळलेले डिझेल वापरल्यास त्यातील अधिक गंधकामुळे हा साठा मुदतीपूर्वीच संपतो. लिटरमागे वाचलेले थोडे पैसे अशा वेळी इंजिनच्या दुरुस्तीत कितीतरी पटींनी द्यावे लागतात.

काय करावे

१. वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला तेलाचा प्रकार व दाटपणा ही दोन्ही डब्यावरील मजकुराशी ताडून पाहावीत.

२. ट्रॅक्टरचे उरलेले तेल नव्या मोटारीत घालू नये.

३. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराची कडक मर्यादा लागू झाली आहे. त्यांत जुन्या ट्रॅक्टरचे तेल घालण्यापूर्वी पुस्तिका अवश्य पाहावी.

४. जुन्या इंजिनला शुद्ध डिझेल मिळते, म्हणून तेल बदलण्याची मुदत वाढवू नये. गंधक कमी झाले तरी धूळ व काजळी कायम आहेत.

५. तेलाची पातळी काठीने नियमित पाहावी. गाळणी असलेल्या गाडीत ती वाढलेली दिसल्यास तेलात डिझेल उतरत असण्याचा संभव असतो. गाडी कारागिरास दाखवावी. जवळच्या अंतराच्या फेऱ्याच वारंवार झाल्यास काजळी पुरती जळत नाही व हा दोष उद्भवतो.

६. डिझेल मान्यताप्राप्त पंपावरूनच घ्यावे व पावती जपून ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीच्या हंगामापूर्वी गावातील वाहनधारकांस एकत्र बोलवावे आणि प्रत्येकाची पुस्तिका व घरातील तेलाचा डबा समोरासमोर ठेवून तपासावा. पेरणीची वाफ साधावयाची असताना ट्रॅक्टर बंद पडला अथवा आजाऱ्यास दवाखान्यात न्यावयाच्या वेळी मोटार अडली, तर होणारे नुकसान पैशात मोजता येत नाही.