कोळसा, पोलाद आणि शेजारधर्म

दोन शेतकऱ्यांत बांधावरून तंटा लागला म्हणजे पिकाचें मोल कोर्टकचेरींत जातें, हें आपण खेडोपाडीं पाहतों. राष्ट्रांची गोष्टहि याहून निराळी नाहीं. फ्रान्स व जर्मनी या शेजाऱ्यांचें वैर कसें ओसरलें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

या दोन देशांत १८७०, १९१४ व १९३९ सालीं, म्हणजे सत्तर वर्षांच्या आंत, तीन युद्धें जुंपलीं. जर्मनीच्या रूर प्रांतांत कोळसा विपुल, तर सीमेवरील लोरेन प्रांतांत लोखंड. दोहोंच्या संयोगानें पोलाद होतें आणि पोलादाच्या तोफा होतात. १९२३ सालीं युद्धाची भरपाई थकली म्हणून फ्रान्स व बेल्जियम यांच्या फौजा रूरमध्यें शिरल्या. त्यानें वैर वाढलें मात्र.

कोणी म्हणेल, व्यापार वाढला कीं वैर आपोआप ओसरतें. परंतु १९१४ पूर्वींहि या देशांत व्यापार चांगला चालला होता. तरी युद्ध टळलें नाहीं. नुसती देवघेव पुरत नाहीं. तिला उभयमान्य नियमांचें बंधन हवें.

हें मर्म ओळखून ९ मे १९५० रोजीं फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनीं एक योजना मांडली. शूमान हे जन्मानें जर्मन नागरिक; लोरेन फ्रान्सकडे परत आल्यावर ते फ्रेंच झाले. सीमेवरच्या माणसाचें दुःख त्यांस ठाऊक होतें. कोळसा व पोलाद यांचें उत्पादन एका सामायिक मंडळाच्या हातीं द्यावें, म्हणजे एकमेकांशीं लढणेंच अशक्य होईल, असा त्यांचा विचार होता.

१८ एप्रिल १९५१ रोजीं पॅरिस येथें फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग यांनीं करारावर सह्या केल्या. या मालावरील आपसांतील जकाती उठविण्याचें ठरलें. तंट्यांसाठीं न्यायालय नेमलें गेलें. उत्पादनावर लहानशी पट्टी बसवून बेकार होणाऱ्या मजुरांच्या साहाय्याची सोय झाली. ही शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची. ज्याच्या घरची चूल विझली, त्याला शेजाऱ्याशीं सलोखा कसा रुचावा?

कराराची ५० वर्षांची मुदत २००२ सालीं संपली. त्यानें घातलेल्या पायावर पुढें युरोपीय संघ उभा राहिला, आणि त्या सहा देशांत आपसांत पुन्हां युद्ध झालेलें नाहीं. याचें सारें श्रेय एका करारास देणें योग्य होणार नाहीं. अमेरिकेचें साहाय्य व रशियाचें भय हींहि कारणें होतीं. तथापि त्याची शिकवण स्पष्ट आहे.

विद्यार्थिमित्रहो, बांधावरची विहीर सामायिक असली, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असल्या आणि त्या प्रामाणिकपणें पाळल्या गेल्या, तर ती विहीर बुजविण्याची बुद्धि कोणासहि होत नाहीं. राष्ट्रांच्या शांततेचें बीजहि ह्यांतच आहे.